चौऱ्याऐंशीचे पेढे

साताऱ्यात शाहूपुरीतल्या एका घरी एमबीए सीईटीचा निकाल कळला आणि आईनं अंगणातूनच शेजारी सांगून टाकलं, "चौऱ्याऐंशी पडले!" काकूंनी लगोलग पेढे मागितले. ज्याला पडले तो मात्र खोलीतून बाहेर आला नाही. हे टक्के नव्हेत, पर्सेंटाइल आहे, हे त्याला ठाऊक होतं. टक्के सांगतात पेपरातलं किती जमलं. पर्सेंटाइल सांगतं रांगेत आपल्या मागे किती जण उभे आहेत. ८४ म्हणजे शंभरात सोळा पुढे, लाखात सोळा हजार. चर्चगेटच्या जमनालाल बजाज संस्थेत खुल्या गटातून शिरायचं तर ९९च्या पुढचे दशांश मोजावे लागतात. पेढे आले, वाटले गेले. खुलासा कुणी केला नाही.

त्याआधी नोव्हेंबर २०२४मध्ये त्यानं आयआयएमसाठीची कॅटही दिली होती. तिथे ७१. त्या वर्षी कॅटला २ लाख ९३ हजार मुलं बसली होती. म्हणजे त्याच्या पुढे ८५ हजारांच्या आसपास.

जूनच्या पहिल्या रविवारी मामा कोल्हापूरहून रायवळ आंब्यांची पिशवी घेऊन आले. राष्ट्रीयीकृत बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालेले. शैक्षणिक कर्जाच्या फायली त्यांनी इतक्या पाहिल्यात की मुलाचं नाव विसरतात, हप्ता विसरत नाहीत. ताई आदल्या रात्रीच मुंबईहून आली होती. ती एका कंपनीत मनुष्यबळ विभागात आहे आणि दर हिवाळ्यात कॉलेजांमध्ये मुलं निवडायला जाते. दोघांचा जीव भाच्यावर सारखाच, पण मतं उत्तर-दक्षिण.

"काय भाचेबुवा, फोन किती आले?" मामांनी टेकायच्या आधी विचारलं.

"अकरा. सगळे 'काउन्सेलर'. प्रत्येकाकडे शेवटच्या दोनच सीट शिल्लक आहेत."

निकाल लागला की हे फोन सुरू होतात. नंबर त्यांना कुठून मिळतो, हा वेगळ्या लेखाचा विषय.

मामांचं म्हणणं साधं होतं. मुलगा बावीसचा, मेकॅनिकल इंजिनिअर, स्कोअर वाईट नाही, मधला आहे. राज्याच्या प्रवेश प्रक्रियेत, कॅपमध्ये, नाव घालायचं, कमी फीची जागा धरायची, दोन वर्षांत पदवी हातात. "पदवी म्हणजे एसटीची सीट असते. आधी खिडकीतून रुमाल टाकायचा. पुढची व्यवस्था आत चढल्यावर बघता येते."

"मामा, गाडी कुठली आहे ती पाटी वाचून लोक रुमाल टाकतात," ताई म्हणाली. "आणि इथे रुमालाला लाखांत पैसे पडतात."

तिचा मुद्दा असा की भाच्याच्या हातात चाकणच्या एका कारखान्याचं ट्रेनी इंजिनिअरचं पत्र आहे. महिना २३ हजार. १ जुलैला रुजू व्हायचंय. दोन वर्षं ते करावं आणि मग पुन्हा परीक्षा द्यावी. सुमार कॉलेजातून, अनुभवाशिवाय एमबीए झालेल्या मुलाला जी विक्रीची नोकरी मिळते, ती पुष्कळदा साध्या पदवीवरही मिळाली असती. कॅम्पसवर ती स्वतः हे बघते. रेझ्युमेच्या वरच्या ओळीत एमबीए, खाली रकाने रिकामे.

"तुझं बरं झालं म्हणून बोलतेस."

"माझं बरं झालं, कारण मी आधी दोन वर्षं नोकरी केली होती. तेव्हा तुम्हीच घरी येऊन ओरडला होतात."

मामांनी आंबा पिळायला घेतला.

एक गोष्ट मात्र मामांच्या बाजूनं भक्कम होती आणि ती बहुतेक घरांना माहीत नसते. खासगी विनाअनुदानित कॉलेजात दोन दारं असतात. बहुतांश जागा राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून भरतात. साधारण २० टक्के संस्था पातळीवर. वर्ग तोच, प्राध्यापक तेच, पण कागद वेगळा. उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मी शिकवणी फी सरकार भरतं, पण ती कॅपमधून आलेल्यालाच. मुलगी असेल आणि त्याच उत्पन्नमर्यादेत आर्थिक दुर्बल, ओबीसी किंवा एसईबीसी गटात बसत असेल, तर जुलै २०२४च्या निर्णयानं व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. तिथेही दार कॅपचंच. कोणत्या कॉलेजाला किती फी घेता येते तेही शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि संकेतस्थळावर लावतं. फोनवरचा काउन्सेलर जो आकडा सांगतो तो या आकड्याशेजारी ठेवून बघावा. पुष्कळ संभाषणं तिथेच संपतात.

"आणि कॅपमध्ये घेतलेली जागा ठरल्या तारखेआधी सोडली तर हजार रुपये कापून फी परत मिळते," मामा म्हणाले. "म्हणजे रुमाल हजाराचा. लाखाचा नव्हे."

ताईला हे ठाऊक नव्हतं. तिनं ते मोबाइलवर तपासलं, आणि 'बरोबर आहे' असं न म्हणता फोन पालथा ठेवला.

मग पैशांचा विषय निघाला आणि वाद उलटाच झाला. कर्जाविरुद्ध ताई बोलेल असं सगळ्यांना वाटत होतं, बोलले मामा. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर त्यांनी हिशेब मांडला. पुण्यातलं मध्यम खासगी कॉलेज, फी, खोली, मेस धरून दोन वर्षांचे ८ लाख समजा. दर वर्षाच्या सुरुवातीला ४ लाख उचलायचे. व्याज १० टक्के. शिकत असताना आणि नंतर वर्षभर हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. पहिल्या ४ लाखांवर तीन वर्षांचं सव्वा लाखाला थोडं कमी, दुसऱ्यावर दोन वर्षांचं ८० हजार. हप्ता सुरू होईल त्या दिवशी डोक्यावर १० लाख. सात वर्षांत फेडायचे तर महिना १६ हजार ६००.

"चाकणचा पगार २३ आहे," भाचा पहिल्यांदाच मध्ये बोलला.

"आणि साडेसात लाखांच्या वर कर्ज गेलं की बँक तारण मागते. तारण म्हणजे हे घर." मामांनी बोटानं खालची फरशी दाखवली. आईनं वाट्या जरा जोरात ठेवल्या.

केंद्र सरकारची पीएम विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर २०२४ला मंजूर झाली, त्यात तारण आणि जामीन लागत नाही, हे ताईनं सांगितलं. पण ती एनआयआरएफ क्रमवारीवरून निवडलेल्या (सुरुवातीला ८६०) संस्थांपुरती आहे. ८४ला मिळणारी कॉलेजं या यादीत शोधून पाहिली; बहुतेक सापडली नाहीत. यादी कॉलेजाच्या दर्जाचा अखेरचा निकाल नव्हे, पण विनातारण पैसा कुठे द्यायला सरकार तयार आहे हे तीतून कळतं, आणि कर्ज काढणाऱ्या घरानं तेवढं तरी विचारात घ्यावं.

तर मामांच्या म्हणण्याचा अर्थ असा निघाला की जागा घ्या, पण स्वस्त. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा विभाग आहे; मामांकडे राहायचं, डबा मामींचा. ताईनं त्यावर जे विचारलं ते बोचणारं होतं. "फी वाचली, दोन वर्षं वाचली का? तिथे कोण कंपन्या येतात, किती मुलांना घेतात, कशासाठी घेतात, हे विचारलंत?"

तिच्या मते कॉलेजचं माहितीपत्रक वाचण्याची एक रीत आहे. बॅनरवर सर्वांत मोठं पॅकेज असतं, ते वाचायचंच नाही. खाली सरासरी असते, तीही फसवी. साठ मुलांपैकी एकोणसाठांना ४ लाख आणि एकाला ४० लाख मिळाले तर सरासरी ४ लाख ६० हजार होते, आणि ती साठांतल्या एकालाही मिळालेली नसते. विचारायचा तो मध्यक: पगार ओळीनं लावले तर बरोबर मधल्या मुलाला किती? आणि नोकरी मागणारे किती होते, मिळालेले किती? आयआयएम अहमदाबादनं यासाठी नियमावली केली आणि आपले आकडे ती तपासून घेऊन छापते. लहान कॉलेजानं तपासणी केली नसेल, पण मागच्या वर्षीच्या पाच मुलांचे फोन नंबर तरी द्यावेत. दिले नाहीत तर तेही उत्तरच.

इथे मामा गप्प बसले नाहीत, त्यांनी आघाडी बदलली. "बरं. चाकणला गेला. सकाळची शिफ्ट, दुपारची शिफ्ट, रात्रपाळी. खोलीवर येऊन डेटा इंटरप्रिटेशन कोण करणार? तुझ्या कंपनीत 'पुढच्या वर्षी कॅट देतो' म्हणणारे किती जण आहेत?"

"आहेत."

"देतात?"

ताईनं आंब्याची कोय चोखायला घेतली. नोकरीसोबत अभ्यास हा सल्ला देणाऱ्यांत तो स्वतः पाळलेले कमीच असतात, आणि तिनं पाळला तेव्हा तिची नोकरी सकाळी नऊ ते संध्याकाळी सहाची होती.

पुन्हा परीक्षा द्यायची तर आधी मागची कुठे बिघडली ते कळायला हवं. भाच्याची गुणपत्रिका मागवली गेली. सीईटीत २०० प्रश्न, १५० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला पाऊण मिनिट, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. भाच्यानं ३४ प्रश्न कोरे सोडले होते.

"कोरे?" ताई जवळजवळ किंचाळली. "डोळे मिटून टिचक्या मारल्या असत्या तरी सहा-सात गुण आले असते!"

"कॅटची सवय लागली होती," तो पुटपुटला. कॅटमध्ये बहुपर्यायी प्रश्न चुकला की एक गुण जातो, म्हणून सोडायला शिकायचं असतं. सीईटीत तेच शहाणपण अंगलट येतं. एकच मुलगा, चार महिन्यांच्या अंतरानं, दोन वेगळ्या खेळांत एकाच नियमानं खेळला. कॅटमध्ये त्याचा भाषेचा विभाग ठीक होता, तर्क आणि माहितीच्या विभागानं बुडवलं होतं; तिथे प्रत्येक विभागाला ४० मिनिटं बांधलेली असतात, एकातला उरलेला वेळ दुसऱ्याला देता येत नाही. असे दोष दुरुस्त होतात. दहावी-बारावीचे गुण दुरुस्त होत नाहीत, आणि आयआयएम मुलाखतीला बोलावताना दहावी, बारावी, पदवी, अनुभव हे सगळं कमी-जास्त वजनानं मोजतात. भाच्याचे बारावीला ६८ आहेत. ते ६८च राहणार. वाढू शकतो तो स्कोअर आणि अनुभवाचा रकाना.

परीक्षाही एकच नाही. नरसी मोनजीसाठीची एनमॅट एका हंगामात तीनदा देता येते, तीतही गुण कापत नाहीत. सिम्बायोसिसची स्नॅपही एकाहून जास्त वेळा देता येते, आणि त्यातला सर्वांत चांगला स्कोअर धरतात. एक्सएलआरआयच्या एक्सॅटमध्ये निर्णयक्षमतेचा वेगळा विभाग आहे, गणित कच्चं पण डोकं शाबूत असलेल्यांना तो साथ देतो. कॅटचा स्कोअर एका वर्षापुरता. जीमॅटचा पाच वर्षं चालतो, आणि चार-पाच वर्षं नोकरी झाल्यावर आयआयएमच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमांसाठी तो धरतात.

आणि मग मामांना कोंढवा आठवला.

ते तरुण अधिकारी असताना बँकेनं त्यांना पुण्यात कोंढव्याच्या राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्थेत प्रशिक्षणाला पाठवलं होतं. रिझर्व्ह बँकेच्या पुढाकारानं १९६९ला निघालेली ही संस्था आता बँकिंग आणि वित्त या विषयांत पदव्युत्तर पदविका देते. बालेवाडीला राष्ट्रीय विमा अकादमी आहे, १९८०ची. तिथे विम्याचा अभ्यासक्रम. विद्यापीठाजवळ वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था आहे, १९६७ची; तिथे कृषी-व्यवसाय. तिन्ही पुण्यात, तिन्हींत कॅट किंवा सीमॅटसारख्या परीक्षेच्या स्कोअरवर प्रवेश, आणि एमबीएच्या मागे धावणाऱ्या सातारा-सांगली-कोल्हापूरच्या कितीतरी मुलांना यांची नावं माहीत नाहीत. राज्याबाहेर बघायचं तर वर्गीस कुरियन यांनी १९७९ला उभी केलेली आणंदची इर्मा आहे, जिचं २०२५मध्ये त्रिभुवन सहकारी विद्यापीठ झालं. भोपाळला वन व्यवस्थापनाची संस्था आहे. अशा संस्था सगळ्यांसाठी नसतात. विम्यात रस नसेल तर विमा अकादमीत जाऊन दोन वर्षं सुकायचं कारण नाही. पण ज्याला विषय ठाऊक आहे त्याच्यापुढची रांग इथे लहान असते, कारण तिथे येणारे एका ठरावीक क्षेत्रासाठी येतात आणि घेणाऱ्या कंपन्याही त्याच क्षेत्रातल्या असतात.

"यंदाची तारीख गेली," ताई म्हणाली.

"पुढच्या वर्षीची आहे ना? तूच तर थांबायला सांगतेस."

इतक्या वेळानं दोघं एका बाकावर आले होते. लगेच उठलेही.

ताईनं तिसरा रस्ता काढला: नोकरी करता करता दूरस्थ किंवा ऑनलाइन एमबीए, इग्नू नाहीतर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. अशी मान्यताप्राप्त पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे असं यूजीसीनं २०२२ला स्पष्ट केलंय. मामांनी यावर बँकेतलेच दाखले दिले. त्यांच्या हाताखालचे दोघं अशाच पदवीवर वरच्या श्रेणीत गेले. पण त्यांची नोकरी आधीच होती. या पदवीला कॅम्पस नसतो आणि दारात येणाऱ्या कंपन्याही नसतात. बढतीसाठी पुरते, नव्या सुरुवातीसाठी क्वचित.

"नाहीतर चहाची टपरी आहेच," भाचा म्हणाला.

मामांना संदर्भ लागला नाही. ताईनं सांगितलं: प्रफुल्ल बिल्लोरे, मध्य प्रदेशातला मुलगा, कॅटमध्ये पुन्हा पुन्हा अपयश आलं, २०१७ला अहमदाबादेत रस्त्याकडेला चहा विकायला लागला आणि 'एमबीए चायवाला' म्हणून गाजला. "त्याची रील सगळ्यांनी पाहिली. त्याच्यानंतर उघडलेल्या आणि बंद पडलेल्या टपऱ्यांची रील कुणी करत नाही."

तेवढ्यात बारावा फोन आला. मामांनी हात पुढे केला.

"हां, बोला. मुलाचा मामा बोलतोय. कॅपमधून का संस्था पातळीवर? … डायरेक्ट म्हणजे काय? एमबीए देता का पीजीडीएम? विद्यापीठ कुठलं? … पीजीडीएम असेल तर एआयसीटीईच्या यादीत नाव आहे का? … डोनेशनची पावती देता?"

पलीकडून आवाज बंद झाला. महाराष्ट्रात कॅपिटेशन फी घ्यायला १९८७च्या कायद्यानं बंदी आहे. हे मामा ऐकवणारच होते, संधी मिळाली नाही.

"आयआयपीएम आठवतं का?" त्यांनी ताईला विचारलं. तिला शाळेतलं आठवत होतं: वर्तमानपत्रात पानभर जाहिराती, आयआयएमच्या पलीकडे विचार करायचं आव्हान देणाऱ्या. २०१४ साली दिल्ली उच्च न्यायालयानं त्या संस्थेला एमबीए, बीबीए, बी-स्कूल हे शब्द वापरायलाच मनाई केली. मामांच्या शाखेत तिथे शिकलेल्या एका मुलाच्या कर्जाची फाइल होती. न्यायालयाच्या निकालानं हप्ता काही थांबला नाही.

दुपार कलली तरी एकमत झालं नव्हतं. मग आईनं, जी सकाळपासून फक्त ऐकत होती, विचारलं, "अरे, पण तुला एमबीए कशाला हवंय?"

भाच्यानं थोडा वेळ घेतला. लाइनवर उभं राहायचं नाही म्हणून, असं त्यानं आधी म्हटलं. मग म्हणाला की शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी एका कारखान्यात महिनाभर गेला होता. तिथे माल वेळेवर का येत नाही, हे शोधण्यात त्याला मजा आली होती. त्यातलं काहीतरी. पुरवठा, नियोजन.

ताई सरसावून बसली. म्हणजे मुंबई आयआयएम: १९६३पासून निटी म्हणून चाललेली, २०२३ला आयआयएम झालेली पवईची संस्था, उत्पादन आणि पुरवठा साखळीसाठीच ओळखली जाणारी. तिथे मुलाखतीत चाकणच्या लाइनवर दोन वर्षं काढलेला मुलगा बोलू लागला तर समोरचा ऐकतो. मामांनी आठवण करून दिली की ७१चे आधी ९५च्या वर जावे लागतील. ती म्हणाली, हो, जावे लागतील.

संध्याकाळी कंपनीला मेल लिहायची ठरली: कॅपच्या फेऱ्या होईपर्यंत रुजू होण्याची तारीख पंधरा-वीस दिवस पुढे मिळेल का? मामांनी मजकूर सांगितला. 'रिस्पेक्टेड सर', 'विथ ड्यू रिगार्ड्स' आणि 'काइंडली डू द नीडफुल' ताईनं ओळीनं खोडले. मामांनी शेवटचं परत घालायला लावलं.

मग वर्तमानपत्राच्या त्याच कडेवर, हप्त्याच्या हिशेबाखाली, भाच्यानं ऑप्शन फॉर्मसाठी कॉलेजांची नावं लिहायला घेतली. दुसऱ्या क्रमांकापासून. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की कॅपमध्ये ते आपोआप पक्कं होतं, पुढच्या फेरीत बदलता येत नाही. ताईनं चौथं नाव खोडलं, मामांनी ते सातव्या जागी पुन्हा लिहिलं. पहिली ओळ कोरी होती.